टाइल्समागची हळद

आबा,

तुमच्या टाइल्स काढल्या. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. धर्मशाळेच्या मोठ्या ओवरीतली, खंडोबाच्या गाभाऱ्याला लागून असलेली ती भिंत. तिच्यावर तुम्ही स्वतः बसवलेल्या, काही दुधाळ आणि काही निळसर झाक मारणाऱ्या त्या पांढऱ्या टाइल्स. छिन्नी लावून एकेक काढल्या आणि मी समोर खुर्ची टाकून बसले होते. कुणी म्हणेल, बापाच्या हातचं काम मोडताना बघत बसली, काय काळीज म्हणायचं हिचं. पण मी नसते बसले तर पोरांनी सरळ घण घातला असता आणि एकही धड निघाली नसती. राग आला असेल तर येऊ द्या. तुमचा राग मला ठाऊक आहे, हातातला चहा गार व्हायच्या आत उतरायचा.

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, म्हणजे खरं तर तुम्हीच मला ‘अहो’ म्हणायला हवं. शाळेतून निवृत्त झाले. पुंडलिकनगरला दोन खोल्या आहेत, गुडघे कुरकुरतात, आणि जिभेचं विचाराल तर ती आहे तशीच आहे. समाजाच्या बैठकीत सगळे मला ‘बाई’ म्हणतात आणि जरा लांबच बसतात. धर्मशाळेच्या दुरुस्तीची कमिटी झाली तेव्हा अध्यक्षमामांनी मला तिच्यात घेतलं, ते बहुतेक मी बाहेर राहून जास्त बोलेन या भीतीनं. अध्यक्षमामा म्हणजे तुमच्या वेळच्या पंचांचा धाकटा मुलगा. तुम्ही त्याला चड्डीत हौदात उड्या मारताना पाहिलंय, कान धरून बाहेरही काढलंय. आता तो फेटा बांधतो आणि बोलायच्या आधी घसा खाकरतो.

धर्मशाळेची हकिगत पाहुण्यांना सांगायचं काम हल्ली माझ्याकडं आलंय. तुम्ही ज्या ओवरीत जन्मभर झाडू मारला तिथं आता कॉलेजची पोरं वह्या घेऊन येतात, काय सांगावं! मी त्यांना सांगते की गंगापूरकडून, वेरूळच्या डोंगराकडून आपली माणसं मेंढरं घेऊन यायची, लोकर आणि घोंगड्या विकायला. शहराचा दरवाजा सांजेला बंद व्हायचा, मग बाहेर खाम नदीच्या अलीकडं मुक्काम पडायचा. पुढं कुणीतरी तिथं जोतं बांधलं, खंडोबा बसवला, त्याच्या दोन्ही अंगांना ओवऱ्या काढल्या, म्हणजे देवाला आणि माणसाला एकच छप्पर. दगडी जोतं, वर पातळ विटा आणि चुना, तीन कमानी. नहरीचं पाणी मातीच्या नळांतून हौदात यायचं. निजामाच्या आधीची की नंतरची, यावर दोन म्हातारे अजून भांडतात आणि मी त्यांना भांडू देते. पोरं विचारतात, बाई, यात तुमचं काय? मी म्हणते, माझी शाळा हीच.

कारण तसंच आहे ना आबा. मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या पोरीला कुठली शाळा? आज या शिवारात, पंधरवड्यानं त्या शिवारात. दुष्काळाच्या साली कळप गेला, काही विकला, काही वाटेत बसला तो उठलाच नाही. तुम्ही शहरात मजुरीला आलात आणि पंचांनी तुम्हाला धर्मशाळेची राखणदारी दिली. कोपऱ्यातली खोली, आई, मी, मागून धाकटा, आणि तुमची बहीण, आमची आत्या. तिचा नवरा त्याच साली गेला होता. विशी-बाविशीची असेल. कपाळ मोकळं, पदर घट्ट, आणि दिवसभर चुलीपुढं. येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढपाळांच्या भाकरी तीच थापायची. मला तिच्या हाताची भाकरी आठवते आणि तिचं न बोलणं आठवतं. लहानपणी मला वाटायचं, आत्याला बोलता येत असेल पण तिला आवडत नसेल.

टाइल्स लावल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. एका दवाखान्याच्या इमारतीवर तुम्ही कामाला होता, तिथल्या मुकादमाकडून उरलेल्या टाइल्स मागून आणल्या. घमेल्यात चुंबळीवर, रोज थोड्या थोड्या. आई म्हणते, “आपल्याला बसायला धड चटई नाय आन भिंतीला काचंचं लुगडं?” तुम्ही हसत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलाय, हातात थापी, सिमेंट कालवलेलं, आणि मी एकेक टाइल दोन्ही हातांनी पुढं करतेय. गवंडी नाही बोलावला, कुणाला हात लावू दिला नाही. खालून वर, तुमचा हात पोचेल तिथपर्यंत. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा माझं तोंड दिसलं त्यात. आत्या दारात उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, “झालं बघ.” ती आत निघून गेली. मला वाटलं, हिला टाइल्स आवडल्या नाहीत.

मला मात्र लई आवडल्या. उन्हाळ्यात पाठ टेकली की गारेगार. आणि मग तुम्ही चुलीतला एक विझलेला कोळसा माझ्या हातात दिलात, आणि एका टाइलवर ‘अ’ काढून दाखवला. तुम्हाला तेवढीच चार-पाच अक्षरं येत होती, ‘अ’ वाकडा होता, पण काय रुबाबात काढलात! म्हणालात, “ही घे तुजी पाटी. पडून फुटायची भीती नाय, कुणी चोरून न्यायचं भ्या नाय.” एका टाइलवर एक अक्षर. पुढं एका टाइलवर एक पाढा. खालच्या ओळी संपल्या की आत्याच्या पाटावर उभी राहून वरच्या. रोज घासूनपुसून काढायचं कामही माझंच. दुसऱ्यांच्या घरी पोरांना खेळणी आणली असतील, तुम्ही मला भिंत आणून दिलीत. नोकरी लागली, वर्गातला फळा पहिल्यांदा पुसला तेव्हा मला रडू आलं आणि पोरं घाबरली. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आत्ता सांगते.

एकदाच तुम्ही त्या भिंतीवरून मला झापलंत. तोवर मी शाळेत जात होते, दहावीत असेन, चार बुकं शिकल्याचा माज होता. जत्रेला पाहुणे आलेले, त्यांच्यासमोर मी म्हणलं की ही एकच भिंत टाइल्सची, बाकी सगळा चुना, दवाखान्याच्या न्हाणीघरासारखं दिसतंय. पाहुणे हसले. तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत आणि म्हणालात, “भिंतीला नावं ठिवू नको. तिनं लई बोल ऐकून घेतलेत.” आवाज चढवला नव्हता, पण मी पाहुण्यांपुढून उठून आत गेले. भिंत कसली बोल ऐकते, असं मी मनातल्या मनात म्हणलं आणि विसरून गेले.

तुमचं बघून पुढं गावानं सुरू केलं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या स्मरणार्थ, हिरव्या, गुलाबी, फुलाफुलांच्या. एकीवर तर बदकं होती, खंडोबाच्या समोर बदकं! सगळ्या ओवऱ्या मढवल्या, वरून सिमेंट, वरून ऑइल पेंट. सगळ्यांना वाटायचं देवाची सेवा झाली. आणि गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात मधल्या कमानीला चीर पडली, माझं बोट आत गेलं.

मग आर्किटेक्ट मॅडम आली. मॅडम म्हणजे पोरगीच, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची, पायात बूट, आणि टाइल्सवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरली. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं की चुन्याच्या भिंतीला जमिनीतली ओल चढते, पण ती भिंतीतूनच वाऱ्यावर निघून जाते, म्हणून इतकी वर्षं ती उभी राहिली. “तुम्ही सिमेंट आणि टाइल्स लावून तिचं नाक-तोंड दाबलंय. ओल बाहेर पडेना, मग ती वर चढत चढत कमानीपर्यंत गेली. आतला चुना भिजून पीठ झालाय. या सगळ्या निघाल्या नाहीत तर अजून दोन पावसाळे काढणार नाही ही.” आणि मग तिनं सहज विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं, “हे सुरू कुणी केलं?”

अध्यक्षमामांनी घसा खाकरला. “यांच्या आबांनी,” ते म्हणाले. मी म्हणलं, “व्हय, माझ्याच आबांनी. पुढं बोला.” बोलले खरी, पण घरी जाताना रिक्षात माझा जीव नुसता जळत होता. जन्मभर ज्यानं ही धर्मशाळा सांभाळली, हौदात पडलेलं कोकरूसुद्धा ज्यानं आधी पुसून मग मालकाला दिलं, त्याचं नाव आता ‘धर्मशाळा बुडवली ती यांनी’ असं राहणार? तुमच्यावरही चिडले मी. म्हणलं, काय नडलं होतं हो आबा, एकट्या भिंतीला टाइल्स लावायचं? कुणी मागितल्या होत्या?

ठरलं असं की उन्हाळ्याच्या आधी टाइल्स काढायच्या, भिंती वाळू द्यायच्या, पावसाळ्यात वर पत्रे टाकायचे, आणि दिवाळीनंतर चुना. चंपाषष्ठीला भंडारा त्याच ओवरीत उधळायचा. तसं नाही झालं तर म्हाताऱ्या मंडळींनी आधीच सांगून ठेवलं होतं की जुन्याचं जतन वगैरे नाटकं बस, सगळं पाडून आरसीसीचं मंगल कार्यालय बांधायचं. त्याचा नकाशासुद्धा तयार होता, मामांच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये. म्हणजे चंपाषष्ठी गाठायची, नाहीतर धर्मशाळा गेली.

टाइल्स निघाल्या. मागं सिमेंट, आणि त्याच्या मागं मातकट पिवळं काहीतरी. कुणी लक्ष दिलं नाही. भिंतीला मीठ फुटलं होतं, ते मऊ झाडूनं झाडून घ्यायचं काम चालू होतं. मागच्या अंगणात खड्ड्यात चुना भिजत घातला, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी त्यात पडलं, सगळीकडं आंबूस-गोड वास. माशा पण आल्या, ते मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. मिस्त्री शहागंजकडचा, सगळ्या बायकांना ‘आपा’ म्हणणारा, चुन्याच्या कामात तयार. मी मॅडमला एकदा म्हणलं होतं की आमच्यात चुना देण्याआधी भिंत धुतात, हौदाच्या पाण्यानं, पोरं-बायका सगळे लागतात. ती म्हणाली, “नको नको बाई, पाण्याचा थेंब नको. इतक्या महिन्यांनी वाळलीय ती.” मला पटलं. नुसतं झाडून घेतलं.

चुन्याचा पहिला हात द्यायचा त्या दिवशी मी धाकट्याकडं गंगापूरला सांगून आत्याला बोलावून घेतलं. ती आता त्याच्याकडंच असते, ऐंशीला टेकलीय. पाठ वाकलीय, पण डोळे शाबूत. धाकट्यानं जीपमध्ये पुढं बसवून आणली. तिला ओवरीसमोर घोंगडीवर बसवलं, हातात चहा दिला. पंधरा-वीस माणसं जमली होती, मामा फेट्यासकट. मिस्त्रीनं परांचीवर चढून कुंचा बुडवला आणि भिंतीवर आडवा ओढला. पांढरा पट्टा उमटला, आणि बघता बघता लाल झाला. गुलाबी नाही, आबा, लाल. कुंचा जाईल तिथं तिथं भिंत लाल होत गेली, आणि वरून एक ओघळ खाली आला. मिस्त्रीनं कुंचा बादलीत टाकला आणि उतरूनच आला. “आपा, मैं आज हात नै लगाता इसकू. पैले तुमारे देव से पूछ लो.”

मग काय विचारता! कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं कोप. कुणी जमिनीवर डोकं टेकवतंय, कुणी मोबाइल काढतंय. एक म्हातारा ओरडला, जुनं उकरायला नको होतं, देवाला बोचलं. मामांनी हात वर करून काम बंद करायला सांगितलं. मॅडम बिचारी भिंतीजवळ जाऊन बोटानं बघतेय आणि तिचं कुणी ऐकेना. आणि त्या सगळ्या गलक्यात माझ्या मागं एक बारीक आवाज आला. कप फुटला होता, आणि आत्या घोंगडीवरून उठायला बघत होती, उठता येत नव्हतं. दोन्ही हात समोर धरून, तळवे दाखवत म्हणत होती, “म्या नाय टाकला. या टायमाला म्या नाय टाकला. देवाच्यान, म्या हातसुदीक लावला नाय.”

मला आधी काही कळलंच नाही. मी तिला उचलून हौदाच्या कठड्यावर नेऊन बसवलं. मी म्हणलं, “आत्या, काय नाही टाकला?” तिनं माझा हात धरला. पन्नास वर्षं जी बाई भाकरीशिवाय कशाबद्दल बोलली नाही, ती बोलायला लागली.

“दुष्काळाचं साल हुतं, माय. हौदात टिपूस नव्हता. दरसाली भित धुवून मग चुना द्यायचे, त्या साली धुनार कशानं? जत्रा झाली, म्या बी मूठभर भंडारा टाकला. माजं मालक जाऊन साल झालं नव्हतं, पर मला वाटलं, देव तर माजा बी हाय ना? मागल्या बाजूनं हळूच टाकला. मंग चुना दिला तसा भितीला रगत फुटलं. एका बाईनं मला बघितलं हुतं. मंग काय, समदे म्हनले, हिच्या हातानं झालं. विधवेनं हळदीला हात लावला. पंच म्हनले, हिला हितं ठिवू नगा.”

“आणि आबा?”

“तुज्या आबानं सांगितलं की. हळद-चुना हाय, दुसरं काय नाय, घरोघरी कुकू असंच करत्यात. पर भ्यालेल्या मानसाला ऐकू येतं व्हय? मंग त्यो पंचाच्या पाया पडला. म्हनला, बहिनीला काडू नगा, मी भितच झाकून टाकतो. परत कवाच लाल व्हनार नाय.” आत्यानं पदरानं तोंड पुसलं. “रोज डोक्यावर आनायचा गं टायला. मान आखडली हुती त्याची.”

आबा, मी हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. ज्या भिंतीवर मी अक्षरं शिकले ती तुम्ही माझ्यासाठी नव्हती केली. आधी तिच्यासाठी केली, आणि मग त्यातूनच माझ्यासाठी पाटी काढलीत. ‘झालं बघ’ हे तुम्ही तिला का म्हणालात आणि ती आत का निघून गेली, ते मला साठी ओलांडल्यावर कळलं. लई रडले मी. बदकांच्या टाइल्सपर्यंत सगळ्यांना माफ करून टाकलं.

मग उठले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट आणलं, मूठभर भंडारा ओतला, खड्ड्यातला चुना त्यावर घातला आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून बोटानं कालवलं. लालभडक. “बघा,” मी म्हणलं, “घरात कुंकू लावता ना रोज? दुखऱ्या पायाला हळद-चुना लावता ना? मग भिंतीला काय वेगळा न्याय? मॅडमनं धुवू दिली नाही आणि आपण धुतली नाही, एवढीच भानगड आहे. सिमेंटमागं झाकलेली आपल्याच आज्या-पणज्यांची हळद आहे ती.” मिस्त्रीनं ताटात वाकून बघितलं आणि म्हणाला, “अरे, ये तो हमारे घर में मोच आयी तो लगाते.” दोघं-तिघं हसले. पण मामा हसले नाहीत. ते म्हणाले, “बाई, ते विज्ञान खरं असंल. पण मागं एकदा असंच झालं होतं असं आमचे वडील सांगायचे, आन त्याला कारण होतं.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या माझ्या दंडाला धरून पुढं आली. वाकलेली, जेमतेम माझ्या खांद्याएवढी. “कारन मी हाय,” ती म्हणाली. “म्याच टाकला हुता भंडारा तवा. मला बघ. या टायमाला मी सालभर गंगापुरात हुते, आज नुस्ती घोंगडीवर बसले, अन् भित तरी लाल झाली. आता सांग, कुनाचा हात?”

मामा फेटा चाचपत राहिले. त्यांच्या वडिलांनी जे केलं ते त्यांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मग ते मॅडमकडं वळून म्हणाले, “हे लाल किती दिवस राहील?” ती म्हणाली, “चुना वाळेल तसं उतरत जाईल. फक्त वाट बघायची, घाई करून वर काही फासायचं नाही.” मामा म्हणाले, “मग बघू वाट. मिस्त्री, चढा वर.”

मामांच्या पुतण्याचा नकाशा तेव्हापासून कुणी बघितला नाही. भिंत आधी लाल, मग विटकरी, मग एका सकाळी फिकट पिवळी, उन्हात वाळत घातलेल्या धोतरावर हळद सांडावी तशी. चीर बुजली. ओवरीत आता पाठ टेकली तर गार नाही लागत, कोमट लागते.

चंपाषष्ठीला गर्दी झाली. वेरूळकडून, गंगापूरकडून, शहरातल्या फ्लॅटमधून. रीत तुम्हाला माहीत आहे, पहिली मूठ पंचांची, म्हणजे मामांची. त्यांनी ताट घेतलं, घसा खाकरला, आणि गाभाऱ्याकडं न जाता सरळ घोंगडीवर बसलेल्या आत्यासमोर जाऊन ते ताट धरलं. “आत्या, पहिली मूठ तुमची.” आत्यानं हात पदराखाली घेतला. म्हणाली, “नगं रे बाबा. परत लाल झाली तर?” मामा म्हणाले, “झाली तर झाली. पुढल्या साली आधी धुवून घेऊ.” सगळी ओवरी हसली, आणि त्या हसण्यात आत्याचा हात पदराबाहेर आला. मूठ भरली, पण हात वर जाईना, खांदा धरलेला. मग मी एका बाजूनं कोपर धरलं, मामांनी दुसऱ्या, आणि आत्यानं भंडारा टाकला. समोरून. सगळ्यांच्या देखत. तुमच्या भिंतीवर. ‘येळकोट’ असा काही गाजला की हौदावरची पारवी उडाली. मग मामांनी फेटा काढला आणि डोकं खाली केलं. आत्यानं त्यांच्या कपाळावर अंगठा ओढला आणि म्हणाली, “बाप तुजा वंगाळ नव्हता रे. भ्याला हुता.”

आता कुणी विचारलं की टाइल्स कुणी सुरू केल्या, तर मामाच सांगतात, “यांच्या आबांनी. बहिणीसाठी.” आणि पुढची हकिगत मला सांगू देत नाहीत, स्वतःच सांगतात, त्यातही जरा तिखटमीठ लावून.

धड निघालेली एक टाइल मी घरी आणलीय. गरम पातेलं उतरवायला ओट्यावर ठेवते. हे कागद तिच्याखाली सरकवून ठेवणार आहे, आणखी कुठं जायचेत ते? फक्त एक राहिलं. ताट घेऊन मी केवढं भाषण केलं ते तुम्हाला वर लिहिलंय. तुमची पोरगी मास्तरीण, जन्मभर पोरांना हळदीचा कागद साबणात बुडवून दाखवलेली. पण त्या सकाळी कुंचा फिरला आणि भिंत लाल झाली ना आबा, तेव्हा त्या सगळ्या माणसांत पहिले हात जोडले गेले ते माझे.